सलालाहचे चार दिवस आणि बाउंटिफुलचा शोध

मस्कतहून ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाहला आम्ही याआधी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा खरीफमध्ये, म्हणजे जून ते सप्टेंबर, जेव्हा अख्खं आखात तिथे पाऊस बघायला लोटतं तेव्हा. धुकं, भुरभुर पाऊस, हिरवेगार डोंगर, रस्त्यात बसलेल्या गाई, आणि दर वेळी तोंडातून एकच वाक्य, अरे हे तर आपलं कोकण! यंदा मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो आणि कारण होतं एक पुस्तक.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक अमेरिकन गृहस्थ परत जाताना त्याला बुक ऑफ मॉर्मन देऊन गेले होते. ते दोन वर्षं कपाटात पडून होतं. गणपतीनंतर माझे बाबा नाशिकहून राहायला आले (रिटायर्ड मास्तर, आयुष्यभर इतिहास शिकवला) आणि त्यांनी ते आठ-दहा दिवसांत पेन्सिल घेऊन वाचून काढलं. आणि एका सकाळी चहाच्या वेळी मला म्हणाले, "अगं, यातली माणसं तुमच्या ओमानमध्ये येऊन गेली असं काही लोक मानतात, माहितीये का तुला?" मला काहीच माहीत नव्हतं.

थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे पुस्तक १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावात छापलं गेलं. जोसेफ स्मिथ यांचं सांगणं होतं की सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला प्राचीन मजकूर त्यांना मिळाला आणि दैवी मदतीने त्यांनी त्याचं भाषांतर केलं. मॉर्मन लोकांसाठी, म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसाठी, तो बायबलच्या जोडीचा धर्मग्रंथ आहे. सुरुवातीलाच गोष्ट येते लेहाय नावाच्या माणसाच्या कुटुंबाची. इ.स.पू. ६०० च्या आसपास हे लोक जेरुसलेम सोडतात, तांबड्या समुद्राच्या कडेने खाली येतात, नाहोम नावाच्या ठिकाणी एका म्हाताऱ्याला पुरतात, तिथून जवळजवळ सरळ पूर्वेकडे वळतात आणि वाळवंटात एकूण आठ वर्षं काढून समुद्रावरच्या अशा जागी पोचतात जिथे फळं आणि रानमध भरपूर आहे. त्या जागेला ते नाव देतात बाउंटिफुल. तिथे धाकटा मुलगा नेफाय जहाज बांधतो आणि मंडळी अमेरिकेला निघतात.

विद्यापीठांतले पुरातत्त्वज्ञ ही गोष्ट इतिहास म्हणून धरत नाहीत, हे आधीच सांगते. पण मॉर्मन चर्चचे अनेक श्रद्धाळू लोक स्वतःच्या खर्चाने, सुट्ट्या काढून, गेली पन्नास वर्षं या जागा शोधतायत. आणि बाउंटिफुलसाठी त्यांचं बोट जिथे थांबतं ते धोफार, म्हणजे सलालाहचा परिसर! कारण अरबस्तानच्या त्या अख्ख्या किनाऱ्यावर पावसाळी ढग येऊन डोंगर हिरवे होतात ते फक्त याच पट्ट्यात. ह्यू निब्ली नावाच्या प्रोफेसरांनी १९५० च्या सुमाराला, इथे न येताच, इंग्रज प्रवासी बर्ट्रम थॉमस यांची वर्णनं वाचून हे डोंगर सुचवले. मग १९७६ साली लिन आणि होप हिल्टन हे जोडपं प्रत्यक्ष येऊन गेलं. त्यानंतर तीन जागा पुढे आल्या, खोर रोरी, मुघसैल आणि खोर खरफोत. आम्ही ठरवलं, तिन्ही बघायच्या.

एक अडचण होती, नवरात्र चालू होतं. घट नाशिकला दादा-वहिनींकडे बसले होते पण बाबांचे नऊ दिवसांचे उपास असतात आणि ते काही सोडणार नव्हते. राजगिऱ्याचे लाडू, भगर, शेंगदाण्याचं कूट असं एक खोकं गाडीत टाकलं आणि पहाटे चारला निघालो. हजार किलोमीटर आहे, हैमाला थांबून संध्याकाळी सलालाह. रस्ता सरळसोट, सांगण्यासारखं काही नाही, फक्त थुमरैतनंतर उतार सुरू झाला की पिवळ्या दगडांतून एकदम हिरवं दिसायला लागतं आणि बाबा सीटवर पुढे सरकून बसले ते हॉटेल येईपर्यंत.

दिवस पहिला : खोर रोरी

सकाळी आधी बाबांच्या नाश्त्याची सोय. सलालाहच्या बागांच्या रस्त्यावर नारळ-केळ्यांच्या टपऱ्यांची रांग असते, झावळ्यांची छपरं, लटकलेले केळ्यांचे घड, पपया. आमच्या टपरीवरचा मुलगा बांगलादेशचा होता, त्याने शहाळं सोलून दिलं आणि मग मागून ते फोडून आतली मलईसुद्धा काढून दिली. केळी छोटी, आपल्या वेलची केळ्यांसारखी, पण जास्त गोड. बाबा म्हणाले, "फळं झाली, आता मध मिळाला की नेफायचं जेवण पूर्ण."

खोर रोरी पूर्वेला, ताकाच्या पुढे, साधारण ४० किलोमीटर. खोर म्हणजे खाडी. डोंगरातून आलेलं गोडं पाणी समुद्राला मिळता मिळता वाळूच्या बांधाने अडलंय, दोन्ही बाजूला सपाट माथ्याची टेकाडं, मधे निळंशार पाणी आणि त्यात गुडघाभर उभे राहून उंट गवत खातायत. टेकडीवर सुमहुरम या जुन्या शहराचे अवशेष आहेत. जॉर्ज पॉटर आणि रिचर्ड वेलिंग्टन या दोघांनी २००३ च्या सुमाराला मांडलं की बाउंटिफुल ते हेच. त्यांचा मुद्दा असा की समुद्रात जाणारं जहाज बांधायला सुरक्षित बंदर, कारागीर आणि बाहेरून आलेलं लाकूड लागतं, आणि ते अशा बंदरातच मिळेल.

वेशीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आत जायची वाट मुद्दाम अरुंद आणि वाकडी ठेवलीय, हल्ला झाला तर एकेकाला अडवता यावं म्हणून. आणि त्या वाटेच्या भिंतीत, चुनखडीच्या दगडांवर, दक्षिण अरबी लिपीतले शिलालेख आहेत. अक्षरं कशी तर सरळ उभ्या रेघा, गोल, चौकोन, एकेक सुटं, एकसारख्या उंचीचं, जणू कुणी पट्टी लावून काढलंय. बाबांनी हात न लावता, अगदी जवळ जाऊन, एकेका ओळीवरून डोळे फिरवले. या लेखांत शहराचं नाव आहे, हद्रमौतच्या (आजच्या येमेनमधलं एक जुनं राज्य) राजाचं नाव आहे, त्याची राजधानी शबवाहून इथे वस्ती करायला आलेल्या लोकांचा उल्लेख आहे. बाबा म्हणाले, "आपल्या त्रिरश्मीसारखंच."

नाशिकच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे त्या लेण्यांना सगळे पांडवलेणी म्हणतात. लहानपणी मलाही तेच सांगितलेलं, पांडव राहिले होते इथे. पण आत भिंतीवर ब्राह्मीत स्वच्छ लिहिलंय की हे लेणं कुणी दिलं, कुणाला दिलं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, दहा नंबरच्यात नहपानाचा जावई उषवदात बोलतो. बाबा दर वर्षी सहावीच्या मुलांना तिथे न्यायचे आणि आधी ते लेख दाखवायचे, गोष्टी नंतर.

सुमहुरममध्ये आधी १९५० च्या दशकात वेंडेल फिलिप्स या अमेरिकनाच्या संस्थेने खणलं आणि १९९० च्या दशकापासून इटलीच्या पिसा विद्यापीठाचे लोक काम करतायत. त्यांच्या खोदकामातून शहराचा काळ मागे मागे जात इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंत पोचला. पण लेहायचं कुटुंब किनाऱ्यावर यायला हवं इ.स.पू. ५९० च्या आसपास. म्हणजे तीनशे वर्षं आधी. तेव्हा या टेकडीवर हे शहर नव्हतं.

आणि आपल्यासाठी खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे! 'पेरिप्लस' नावाच्या, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकात मोस्खा नावाचं बंदर येतं, ते हेच असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात लिहिलंय की भडोचहून आणि दक्षिण भारतातून परतणारी जहाजं उशीर झाला तर हिवाळा इथेच काढायची आणि कापड, धान्य, तिळाचं तेल देऊन बदल्यात राजाच्या माणसांकडून लोबान घ्यायची. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिवकडचं तेर, इथला माल बैलगाड्यांनी भडोचला उतरतो असंही आहे. म्हणजे तेरचं कापड या टेकडीवर उतरलं असणं अगदी शक्य आहे. इथल्या खोदकामात एक भारतीय बनावटीची, डोकं तुटलेली, छोटी ब्राँझची स्त्रीमूर्ती पण सापडलीय. कोठारांच्या त्या बुटक्या भिंतींपाशी उभं राहून हे सगळं बाबांकडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

तिथेच ते दोघं भेटले. साधारण सत्तरीचे आजोबा आणि आजी, युटाहून आलेले, आजोबांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद. बाबांच्या काखेतलं ते निळं पुस्तक बघून आजीच आधी बोलल्या. कागदावर बारा ओळी होत्या. वॉरन ॲस्टन नावाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ आहेत, व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नाहीत, पण १९८० च्या दशकापासून येमेन-ओमानमध्ये सतत फिरतायत, त्यांनी ग्रंथातून बाउंटिफुलच्या बारा खुणा काढल्या: बारमाही गोडं पाणी, फळं, जहाजाजोगी झाडं, प्रार्थनेला जायला जवळ डोंगर, समुद्रावर तुटलेले कडे, हत्यारांसाठी धातूचा दगड, मनुष्यवस्ती नसणं, वगैरे. आजोबांनी प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आखले होते, तीन जागांचे. खोर रोरीच्या रकान्यात ते पेन्सिलीने खूण करत होते. ही त्यांची तिसरी खेप.

टिपा: खोर रोरीला सकाळी आठ-साडेआठलाच जा, वर सावली अजिबात नाही. लोबान घ्यायचा तर सलालाहच्या हाफा बाजारात घ्या आणि 'होजरी' मागा, हिरवट पांढरे खडे असतात. दुपारचं जेवण ताकाला, केरळी हॉटेलांत ताजी मासळी मिळते. गाडी भाड्याने घेणार असाल तर डिकी उघडून स्टेपनी बघून घ्या, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशीच बिनस्टेपनीची गाडी मिळाली होती.

दिवस दुसरा : मुघसैल आणि रद्द झालेली होडी

खरं तर आज खरफोतला जायचं होतं. तिथे रस्ता नाही, एकतर डोंगर उतरून अवघड चाल किंवा राख्यूतहून मच्छीमाराची होडी. खरीफमध्ये समुद्र खवळलेला असतो म्हणून होडी जातच नाही, ऑक्टोबर उजाडावा लागतो. आम्ही ज्याच्याशी बोललो होतो त्याने सकाळी सहाला फोन करून सांगितलं, लाटा मोठ्या आहेत, आज नको. मला वाईट वाटलं पण समुद्र ज्याचा रोजचा आहे त्याचं ऐकायचं. मग मुघसैल.

मुघसैलचा किनारा लांबच लांब, पांढरा, आणि पश्चिमेच्या टोकाला खडकांतली भोकं, ज्यांतून लाट आली की पाण्याचा कारंजा उडतो. खाली समुद्र खडकात घुसताना आधी एक खोल घुंई असा आवाज येतो, मग फवारा. युटाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले भूवैज्ञानिक रेव्हेल फिलिप्स यांनी २००७ मध्ये ही जागा सुचवली. खाडी आहे, कडा आहे, पाणी आहे. पण झाडं फारच तुरळक, आणि बाबांनी किनाऱ्यावर उभं राहून चारी बाजूला बघितलं आणि म्हणाले, "आठ वर्षं वाळवंटातून आलेला माणूस इथे पोचला तर खूश नक्की होईल. पण याला सुजलाम सुफलाम नाव देईल का, सांगता येत नाही."

आजोबा-आजी तिथेच, त्यांचीही होडी रद्द झालेली. चहाच्या गाडीवर करक चहा घेतला आणि दोन तास गप्पा झाल्या, त्या चौघांच्या गप्पा मला सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आवडल्या.

आजोबांनी नाहोमचं सांगितलं. येमेनमध्ये मारिबला बरआन नावाचं देऊळ आहे, तिथे जर्मन पुरातत्त्वज्ञांना चुनखडीच्या वेद्या सापडल्या. त्यांवर देणगीचा लेख आहे: बिअथ्तर, सवादचा मुलगा, नवआनचा नातू, निह्म टोळीचा, याने अल्मकह देवाला अर्पण केली. काळ इ.स.पू. सातवं-सहावं शतक. लिपीत फक्त व्यंजनं लिहितात, न-ह-म. म्हणजे लेहायच्या काळात, बरोबर त्या भागात, ते नाव होतं! शोध घेणाऱ्यांच्या हातात आलेली ही सगळ्यात भक्कम गोष्ट, आणि ती त्यांनी शोधलेली नाही, जर्मनांनी वेगळ्याच कामासाठी खणताना मिळाली, यांनी ती ओळखली.

बाबांना हे खूप आवडलं. पण ते म्हणाले, लेखातलं नाव टोळीचं आहे, आणि तीच टोळी सनाच्या ईशान्येला अजून आहे. शिवाय ते नाव १८३० च्या आधी युरोपातल्या नकाशावर आलेलं होतं. कार्स्टन नीबुर, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतला माणूस, १७६३ मध्ये येमेनमध्ये होता, त्याच्या नकाशात 'नेह्म' आहे. आजोबा म्हणाले, हो, पण जोसेफ स्मिथने तो नकाशा बघितला याचा पुरावा नाही. बाबा म्हणाले, तेही खरं. आणि मग त्यांनी सांगितलं की हाच नीबुर त्याच वर्षी मोखाहून जहाजाने मुंबईला आला, वर्षभर राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची मापं काढून चित्रं काढली. आजोबांनी लगेच वहीत लिहून घेतलं. नवरा मला हळूच म्हणाला, "अगं, बाबांना इतकं खुललेलं मी लग्नात पण बघितलं नव्हतं."

आजींनी मग थॉमस फर्ग्युसनची गोष्ट काढली. कॅलिफोर्नियाचा वकील, अतिशय श्रद्धाळू, ग्रंथातली अमेरिकेतली शहरं मेक्सिकोत सापडणारच या खात्रीने त्याने १९५२ मध्ये एक संशोधन संस्था उभी केली. ती संस्था चियापास भागात वर्षानुवर्षं खणत राहिली, खरे पुरातत्त्वज्ञ नेमून, आणि चियापा दे कोर्सो वगैरे ठिकाणचं त्यांचं काम आजही अभ्यासक वापरतात. पण ज्यासाठी खणलं ते मिळालं नाही. १९७५ मध्ये त्याने स्वतः लिहून ठेवलं की ग्रंथात सांगितलेली पिकं, प्राणी, धातूकाम, लिपी, या कसोट्यांवर पुरावा जुळत नाही. आजी म्हणाल्या, "आमच्या घरी त्याचं नाव कोणी काढत नसे. मी मात्र त्याला मानते, कारण जे दिसलं ते त्याने लिहिलं." आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी आजींच्या हातावर हात ठेवला.

दुपारी मुघसैलच्या पुढचा नागमोडी घाट चढून वरती गेलो, उतारावर लोबानाची झाडं दिसतात, बुटकी, कागदासारखी साल सुटलेली. बाबांनी खोडावर वाळलेला एक थेंब बघितला, नखाएवढा, वासाला लिंबू आणि देवघर दोन्ही. (चीक काढायच्या झाडांना मालक असतात, तोडू नका.) संध्याकाळी उलट बाजूला इत्तीनच्या डोंगरावर नबी अय्यूब यांची कबर, म्हणजे बायबलातला ईयोब. अय्यूबची म्हणून दाखवतात अशी ठिकाणं इतर देशांतही आहेत. आत हिरव्या कापडाखाली कबर, बाहेर भाविक, आणि खाली सलालाहचे दिवे. बाबा चप्पल काढून आत गेले आणि हात जोडून पाच मिनिटं उभे राहिले.

खाली येताना आम्ही दोघांनी मधबी खाल्लं, तापलेल्या दगडांवर भाजलेलं बोकडाचं मटण, फक्त मीठ, त्याच्याच चरबीत शिजलेलं. बाबांसाठी शेजारच्या दुकानातून धोफारचा रानमध घेतला, काळसर, डोंगरातल्या कपारींमधून काढलेला, थोडा कडवट आणि मागून गोड. केळ्याबरोबर खाल्ला त्यांनी.

टीप: मुघसैलच्या पुढे पश्चिमेला लष्कराची चौकी लागते, रेसिडेंट कार्ड आणि पासपोर्ट जवळ ठेवा. पेट्रोल सलालाहमध्येच फुल करा. घाटात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, वळणावर उंट किंवा गाय उभी असते.

दिवस तिसरा : खोर खरफोत

रात्री अकराला फोन आला, उद्या या, फजरच्या नमाजानंतर लगेच निघा. अंधारातच निघालो. राख्यूतला उतरताना उजाडलं, किनाऱ्यावर तारल्या वाळत घातलेल्या, चांदीची चादर पसरल्यासारख्या, आणि वास थेट मालवणचा. इथे या सुक्या तारल्या उंटांनाही खायला घालतात. होडी साधी, फायबरची, मागे इंजिन. आम्ही तिघं, आजोबा-आजी, होडीवाला आणि त्याचा भाचा. ते दोघं आपसात जी भाषा बोलत होते ती अरबी नव्हती, जिबाली, डोंगरातल्या लोकांची फार जुनी भाषा.

कडे सरळ पाण्यात उतरलेले, खाली मिठाने पांढरे, मधे तपकिरी, वरती अजून हिरवे. पाणकावळ्यांच्या रांगा. अर्धा तास झाला असेल आणि एका वळणानंतर कडे एकदम मागे सरले आणि मधे एक छोटी दरी उघडली. आजी म्हणाल्या, "देअर." बाकी कोणी काही बोललं नाही.

उतरणं सोपं नाही. होडीवाला लाटांच्या बाहेर थांबला, मोठ्या लाटा जाऊ दिल्या, मग यल्ला म्हणून होडी वाळूच्या दिशेने सोडली आणि आम्ही मांडीभर पाण्यात उड्या टाकल्या. बाबांना भाच्याने धरलं, आजींना नवऱ्याने. बाबांची पिशवी डोक्यावर होती, आत पुस्तक.

वाळू, मग वाळूचा बांध, आणि त्याच्या मागे गोड्या पाण्याचं तळं, कडेने लव्हाळे. मी पाणी चाखून बघितलं, गोडं. मागे वादी सैक, जी थेट आतल्या वाळवंटाच्या बाजूपर्यंत जाते. झाडं! चिंचा, खजुरी, आणि ओळीने मोठमोठी झाडं ज्यांच्या खोडालाच फळांचे घोस. बाबा त्या झाडाखाली गेले, वर बघितलं आणि ओरडले, "अगं, उंबर!" तेच झाड नाही, त्याचा सख्खा चुलतभाऊ, इजिप्तमध्ये ज्याच्या लाकडाच्या शवपेट्या करत तो. पण खोडाला चिकटलेले तेच गुच्छ, पिकल्यावर तोच लालसर रंग, आणि खाली पडलेलं एक फोडलं तर आत तीच चिलटं. बाबांनी झाडाला नमस्कार केला, दत्ताचं झाड ते आपल्याकडे, आणि एक पिकलेलं फळ पुसून खाल्लं. उपासाला चालतं.

आजोबा यादी घेऊन फिरत होते. गोडं पाणी, खूण. फळं, खूण. कडे, खूण. डोंगर, खूण. मनुष्यवस्ती नाही, आज तरी एकही घर नाही. या तिन्हींत ही जागा ग्रंथातल्या वर्णनाला सगळ्यात जास्त जुळते, हे मलाही डोळ्यांना दिसत होतं, त्यात दुमत नाही. पश्चिमेच्या उंचवट्यावर दगडी भिंतींचे अवशेष आहेत, कमरेपर्यंत, काही गोलाकार. इटालियन पुरातत्त्वज्ञ पाओलो कोस्ता यांनी त्यांची पाहणी केलीय. पण जेरुसलेमहून आलेल्या कुणाचा ठसा इथे आजवर मिळालेला नाही. ना लेख, ना खापर.

मग ते दोघं वाळूत बसले, आजोबांनी ग्रंथातलं एक पान मोठ्याने वाचलं. आजींचे डोळे भरून वाहत होते. आम्ही जरा लांब उंबराखाली बसलो. मला पंचवटीतली सीतागुंफा आठवली, कसं वाकून, अंग चोरून आत सरकावं लागतं, आजी माझा हात धरून न्यायची, आणि बाहेर आल्यावर तिचा चेहरा असाच असायचा.

वाचून झाल्यावर आजोबा बाबांपाशी आले आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हीच का ती?

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले (मी भाषांतर करत होते), "तुमची यादी फार चांगली आहे. पण यातल्या बाराही गोष्टी जागेच्या आहेत. पाणी, झाड, कडा, वारा. त्या इथे लेहाय आला तरी असत्या, नाही आला तरी असत्या. तेरावी ओळ माणसाची हवी. जहाज बांधायला भाता पेटवला असेल तर धातूचा मळ राहील, कोळसा राहील, कोळशाचं वय काढता येतं. कुणी एक अक्षर ओरखडलं असेल. ते मिळेपर्यंत मी हो म्हणणार नाही. नाशिकच्या लेण्यांना पांडवांचं नाव आहे, माझ्या आईचा त्यावर विश्वास होता, मी तिच्याशी कधी वाद घातला नाही. पण वर्गात मी भिंतीवर लिहिलंय तेच शिकवलं."

मला भीती वाटली की त्यांना लागेल. आजोबांनी खाली मान घालून ऐकलं, आणि म्हणाले, "मग खणायला हवं." बाबा म्हणाले, "हो, खणायलाच हवं. जाणत्या लोकांनी, सावकाश. आणि जे येईल ते तुमच्या त्या वकिलासारखं लिहून ठेवायला हवं." आजी म्हणाल्या, "येस." आजोबांनी कागद उलटा केला आणि मागे १३ आकडा घातला, त्यापुढे काही लिहिलं नाही. मग त्यांनी पुढच्या बाजूला फळांच्या ओळीपाशी बोट ठेवून विचारलं, तुमच्याकडे या झाडाला काय म्हणतात? बाबांनी त्यांच्या हातून पेन्सिल घेतली आणि मास्तरी अक्षरात देवनागरीत लिहिलं, उंबर.

टिपा: खरफोतला मोबाइलला रेंज नाही, दुकान नाही, सावली फक्त झाडांची. पाणी, ओआरएस, सुका खाऊ, कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये. परतीची वेळ होडीवाल्याशी पक्की करा, दुपारनंतर वारा वाढतो. भाडं आधी ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबायचं धरून. लहान मुलं किंवा पाण्याची भीती असणारं कोणी असेल तर नका जाऊ. आणि तिथला एकही दगड, खापराचा तुकडा उचलू नका, जागेवरून हलला की त्याचा काळ सांगायची ताकद गेली.

दिवस चौथा : शिसर आणि परत

परतीला थुमरैतहून आत वळून शिसरला गेलो, वाट वाकडी करून तास-दीड तास. हरवलेलं उबार शहर शोधायला निकोलस क्लॅप नावाचा एक फिल्मवाला निघाला होता, पुरातत्त्वज्ञ नव्हे. अवकाशातून घेतलेल्या चित्रांत उंटांच्या जुन्या वाटा दिसल्या, त्या इथे येऊन मिळत होत्या, मग १९९१-९२ मध्ये युरिस झरिन्स यांच्या देखरेखीखाली खणलं आणि खचलेल्या खड्ड्याभोवती एक किल्ला निघाला. तेच उबार की उबार हे नाव अख्ख्या प्रदेशाचं, यावर अजून वाद आहे. पण किल्ला आहे, विहीर आहे, लोबानाच्या व्यापाराचा थांबा आहे. ऊन इतकं होतं की आम्ही वीस मिनिटांत गाडीत. बाबा मात्र खड्ड्याच्या कठड्यापाशी उभे राहून फोटो काढत होते, नवऱ्याने दोनदा हाक मारली, "बाबा, चला, तुम्हाला उपास आहे, चक्कर येईल," तेव्हा आले.

रात्री अकराला घरी. मधाची बाटली रस्त्यात थोडी सांडली होती, खोक्यातले राजगिऱ्याचे लाडू मधाने ओले झाले होते आणि तेच बाबांनी दसऱ्यापर्यंत खाल्ले.

बाबा आता नाशिकला परत गेलेत. परवा आजींचा मेसेज आला, फोटोसकट. कागद त्यांनी आता फ्रिजवर लावलाय, 'उंबर' लिहिलेली बाजू वर आहे. आजोबा फेब्रुवारीत पुन्हा येतायत, आणि विचारतायत की बाबांना तेव्हा यायला जमेल का.